उजवीकडची जागा

पोयाना सेआका
२२ सप्टेंबर २०१४

चि. कोर्नेल यास,
बाबांचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू इंग्लंडात धड पोचलास आणि गाडीही पोचली, हे तितूनं काल कुंपणावरून ओरडून सांगितलं. तू फोनवर सांगितलं होतंसच, पण फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेल्या निम्म्याची मी काळजी करत बसतो. म्हणून पत्र. माझी शाळा चार यत्तांची, अक्षराला हसू नकोस. तितूची पार्सलांची गाडी दर पंधरवड्याला तिकडे येतेच, तिच्यातून पत्र येईल. सोबत सॉसेज आहे. ते आधी खा, पत्र नासत नाही.

तू निघालास तेव्हा गाडीवर तीर्थ शिंपडायला पाद्रीबाबा आले होते, आठवतं ना? तू सामान बांधत होतास, तेव्हा मी त्यांना म्हटलं की तिकडे सगळे आपल्यासारखे उजव्या नव्हे, रस्त्याच्या डाव्या अंगानं चालवतात, म्हणजे समोरची वाहनं आपल्या गाडीच्या उजव्या अंगाला येणार, तर त्या बाजूला जरा जास्त शिंपडा. ते म्हणाले, सावू, देवाच्या कृपेला डावं-उजवं नसतं. मी एक कोंबडी काढून दिली. मग त्यांनी उजव्या बाजूला पुन्हा शिंपडलं.

तितू मला घाबरवतो. म्हणतो, आपल्या गाडीचं स्टिअरिंगचं चाक डावीकडे, रस्ताही डावीकडचा, म्हणजे कोर्नेल रस्त्याकडेच्या खड्ड्याला चिकटून बसणार आणि समोरून काय येतंय ते त्याला दिसणार नाही. मग कशाला काका तुम्ही गाडी न्यायला लावलीत, माझ्या गाडीत एक जागा रिकामी होती, असंही म्हणतो. त्याला मी कारण सांगितलं नाही, तुला सांगतो. दुसऱ्याच्या गाडीतून जाणारा माणूस दुसरा उतरवेल तिथं उतरतो. स्वतःची गाडी दाराशी उभी असली, तर रागाच्या भरातसुद्धा माणूस परत फिरू शकतो.

त्यातून तितूनं एक हिशेब मांडला आहे, तो माझ्या डोक्यातून जात नाही. ऑगस्टात परदेशची मंडळी गावात आली की म्हणे चाक बघावं. चाक डावीकडे असेल तर माणूस अजून आपला. उजवीकडे असेल तर पाहुणा, त्याला चांगल्या बशीत जेवायला वाढावं. वरच्या आळीतला सुताराचा मुलगा उजव्या चाकाची गाडी घेऊन आला, आठवडाभर राहिला, कुलूप लावून गेला. त्याच्या अंगणातली अक्रोडाची रोपं आता कडीपर्यंत पोचली आहेत.

तू वर्षाचं म्हणून गेला आहेस. गाडी बदलू नकोस, एवढंच माझं मागणं.

कळावे. लोभ आहेच, तो गाडीच्या टायरांपेक्षा जास्त टिकावा.
तुझा बाप,
सावू


लिंकनशर
१९ ऑक्टोबर २०१४

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

सॉसेज पोचलं आणि संपलं. पत्र अजून शिल्लक आहे, रोज थोडं थोडं वाचतो.

माझं काम फ्लॉवर आणि कोबी डब्यांत भरायचं. आपल्या परसातली कोबी कापायला सांगितलीत की मी कुठल्या कुठे पळायचो, ते तुम्हाला आठवत असेल. देवालाही आठवत असणार. मी राहतो एका दुकानाच्या माडीवर, खोलीला एक खिडकी आहे आणि खिडकीतून दुसरी खिडकी दिसते.

तितूचं म्हणणं खरं निघालं. मी खड्ड्याशेजारी बसतो. झुडपं माझ्या बाजूचा आरसा पुसून देतात, तेवढाच फायदा. पुढे ट्रॅक्टर आला की मात्र संपलं. ओलांडायचं तर समोरचं दिसायला हवं, आणि समोरचं दिसतं ते उजव्या सीटवरून. तिथं बसलं होतं तुम्ही दिलेलं कांद्याचं पोतं. त्यामुळं आतापर्यंत मी इंग्लंड पाहिलं ते ट्रॅक्टरच्या मागून. एकदा बसथांब्यावरच्या एका म्हातारीनं पोत्याला ड्रायव्हर समजून हात केला. पोत्यानं काही उत्तर दिलं नाही. परदेशी लोक असेच शिष्ट, असं वाटलं असेल तिला.

गाडी लावायच्या जागी फाटकाशी यंत्रातून चिठ्ठी घ्यावी लागते. यंत्रही उजवीकडेच. मी उतरतो, गाडीला वळसा घालतो, चिठ्ठी घेतो, पुन्हा वळसा घालतो, तोवर फाटक मिटतं. मागचे लोक भोंगा वाजवत नाहीत. नुसते वाट बघतात. आपल्याकडे शिव्या दिल्या असत्या, म्हणजे निदान मोकळं वाटलं असतं.

आपल्या दिव्यांचा झोतही उजवीकडे झुकलेला, तो समोरच्यांच्या डोळ्यांत जातो. काचेवर काळ्या पट्ट्या चिकटवल्या आहेत. गाडी आता चोरासारखी दिसते, पण कुणाला त्रास देत नाही.

काळजी करू नका असं लिहिणार होतो, पण तुमचा एकुलता उद्योग काढून घेणं बरं नव्हे.

आपला लोभ पार्सलासकट यावा, ही विनंती.
कोर्नेल


पोयाना सेआका
५ नोव्हेंबर २०१४

चि. कोर्नेल यास,
आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. तितूला विचारलं तर तो हसला, म्हणाला, काका, कोर्नेल अडीच हजार किलोमीटर गेला तेव्हा तुम्ही जेवलात, आणि चिठ्ठी घेता येत नाही म्हणून उपाशी बसलात?

त्यावर मी उपाय केला आहे. चेरीची एक सरळ फांदी तासून लांब काठी केली, टोकाला कपड्याचा चिमटा बसवला, त्याला दोरी बांधली. आपल्या जागेवर बसून काठी उजव्या खिडकीतून बाहेर काढ, दोरी ओढ, चिमटा चिठ्ठी धरेल. मी टपालपेटीवर करून बघितलं. पोस्टमन बघत होता. त्याला सांगितलं की इंग्लंडच्या कामासाठी आहे, मग त्यानं पेटीचं झाकण उघडून धरलं.

दिव्यांचं वाचून वाईट वाटलं. गावात असताना तू कुणाचे डोळे दिपवले नाहीस.

ट्रॅक्टर ओलांडू नकोस. मागे राहून कुणाचं नुकसान झालेलं नाही. तुझ्या आईचं तुला ठाऊक आहे. जुनी गाडी मी चालवायचो तेव्हा फ्लोआरिया उजवीकडे बसायची. पुढे गवताची गाडी आली की ती मान काढून बघायची आणि मोकळं आहे म्हणायची, मग मी जायचो. आपल्या रस्त्यावर तिथून खड्डा आणि मका यांशिवाय काही दिसत नाही. समोरचं दिसायचं ते मला. पण ती म्हणाल्याशिवाय माझा पाय पडत नसे. ती गेल्यावर एकदा क्रायोव्ह्याला निघालो, पुढे गवताची गाडी होती, आणि मी तिच्या मागं मागं बाजारापर्यंत गेलो. गाडीवानानं उतरून विचारलं की बाबा, माझ्याकडे काही काम आहे का. त्यानंतर मी चालवणं सोडलं. सगळ्यांना डोळ्यांचं कारण सांगितलं.

काठी मिळाली की कळव. दोरी जोरात ओढू नकोस.

कळावे. लोभ मागायची वेळ येऊ नये.
सावू


लिंकनशर
१ मार्च २०१५

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला. नाताळात काम फार होतं, इथं त्या दिवशी सगळे कोबीचीच एक छोटी जात खातात आणि नंतर वर्षभर तिला नावं ठेवतात.

मी ठणठणीत आहे. वजन वाढलंय. गाडीही ठीक. गेल्या रविवारी समुद्र पाहून आलो. वाटेत तीन ट्रॅक्टर होते, तिघांनाही ओलांडलं. गाडी लावायच्या जागी फाटक आता माझ्या तोंडावर मिटत नाही. तुमची काठी फार उपयोगी पडली, तिचं सगळेजण कौतुक करतात.

एक काम आहे. बाहेरची गाडी इथं सहा महिन्यांवर ठेवायची तर तिची इथं नोंद करून इथली पाटी लावावी लागते. मुदत सरत आली. गाडी तुमच्या नावावर आहे, म्हणून कागदावर तुमची सही हवी. कागद तितूच्या हाती देतो आहे. तो दाखवेल तिथं सही करा आणि त्याच फेरीनं परत पाठवा. चाक डावीकडेच राहील, पाटी फक्त बदलेल.

गुडघा कसा आहे? डॉक्टरकडे जा. पाद्रीबाबांना कोंबडी देऊन गुडघ्यावर शिंपडून घेऊ नका.

आपल्या लोभाचा आणि सहीचा भुकेला,
कोर्नेल


पोयाना सेआका
२० मार्च २०१५

चि. कोर्नेल यास,
आशीर्वाद. वि. वि.

कागद मिळाला. सही केलेली नाही.

आधी मला हे सांग. समोरचं दिसतं उजव्या सीटवरून, हे तूच लिहिलंस. मग तीन ट्रॅक्टर तू कुणाच्या डोळ्यांनी ओलांडलेस? कांद्याचं पोतं तर नाताळच्या आधीच संपलं असणार.

काठी फार उपयोगी पडली, हेही लिहिलंस. तितूनं ती पाहिली. तो तुझ्या दुकानाच्या माडीवर गेला तर खाली दुकानदारानं त्याला दुसऱ्याच पत्त्यावर पाठवलं. तिथं घरामागच्या हिरवळीवर कपडे वाळत घातले होते आणि दोरीला मधोमध टेकू दिला होता. टेकू म्हणजे माझी चेरीची काठी. दोरीवर तुझे दोन शर्ट आणि बाईमाणसाचा एक निळा झगा. झगा मोठा होता का लहान, हे मी विचारलं नाही, तितूनं आपणहून सांगितलं. सगळ्या आळीला सांगितलं.

मी रागावलो नाही. मी फक्त झोपत नाही.

आता माझं ऐक. गुडघा बरा नाही आणि छातीत कधी कधी पाखरू फडफडतं. मी मेल्यावर माझ्या नावानं जेवण कोण घालणार? तुला सांगावा पोचणार, तू रजा मागणार, ट्रॅक्टर आडवे येणार. म्हणून मी जिवंतपणीच माझं जेवण घालायचं ठरवलं आहे. ऑगस्टात, सेंट मेरीच्या सणानंतरच्या रविवारी, सगळं गाव परत आलेलं असतं तेव्हा. वरच्या आळीच्या आजीनं आपलं घातलं होतं, तशीच पद्धत. इथं दान द्यावं, ते तिथं मिळावं. तिनं पलंग दिला, गादी दिली, चमचेसुद्धा दिले. मी खुर्ची, टेबल, कोट आणि गाडी देणार आहे. तिथं मला पायी हिंडायचं नाही, माझा गुडघा तिथं बरा होईल असं कुणी लिहून दिलेलं नाही.

गाडी माझ्या नावावर आहे, तेव्हा दान माझंच. दान द्यायची वस्तू अंगणात उभी हवी. तू ती घेऊन ये. घेणार तितू. त्याला मी शब्द दिला आहे.

मग तू परत कसा जाणार, ते तू बघ. किंवा जाऊ नकोस.

लोभ आहे, पण सध्या त्याला झोप नाही.
सावू


लिंकनशर
१९ एप्रिल २०१५

ती. बाबांस,
सा. न. वि. वि. ईस्टर आनंदात गेला असेल.

झगा मध्यम मापाचा आहे. तितूला सांगा, दुसऱ्याच्या दोरीकडे बघून गाडी चालवली की अपघात होतो.

तिचं नाव हेझल. आमच्या शेडमध्ये फ्लॉवर तपासते, डाग असला की बाजूला काढते. मलाही तिनं आधी बरेच दिवस बाजूला काढून ठेवलं होतं. नवरा होता, आता नाही, कुणी मेलेलं नाही. नोव्हेंबरात तिची गाडी बंद पडली आणि मी तिला घरी सोडायला लागलो. ती उजवीकडे बसली. तिच्या आयुष्यात त्या जागी चाक असायचं, म्हणून अजून हात कुठं ठेवावे ते तिला कळत नाही, आणि वळण आलं की नसलेला ब्रेक पायानं दाबते. पहिल्याच दिवशी पुढे ट्रॅक्टर आला. तिनं मान काढून पाहिलं आणि जा म्हणाली. मी तिला आपला शब्द शिकवला, आता ती लिबेर म्हणते. मोकळं आहे. तिला आपल्या भाषेतला तेवढाच एक शब्द येतो आणि त्यावर आमचं पुष्कळ भागतं. चिठ्ठीही तीच घेते. काठीला काम उरलं नाही, म्हणून तिनं दिलं.

बाबा, तुम्ही चिडाल, पण खरं ते लिहितो. तुम्ही गाडी न्यायला लावली नसतीत, तर मी कामाला बसनं गेलो असतो. बसमध्ये उजवीकडे कुणी लागत नाही. एव्हाना मी कंटाळून तितूच्या गाडीत बसून परतही आलो असतो.

वर्षाचं म्हणून आलो होतो. आता परत कधी येणार हे मला एकट्याला सांगता येत नाही. हे फोनवर सांगायचं धाडस झालं नाही, तुम्हाला निम्मंच ऐकू आलं असतं आणि कुठलं निम्मं ते मला कळलं नसतं.

ऑगस्टात आम्ही दोघं गाडी घेऊन येतो. तोवर ती दारात उभी राहील, मी सायकलनं जाईन. गाडी तुमची आहे, हवी त्याला द्या. आम्ही विमानानं परत जाऊ. जेवणाचं मी हेझलला समजावलं. तिनं घाबरून विचारलं की तुझ्या बाबांना किती दिवस राहिलेत. मी म्हणालो, पुष्कळ, म्हणून तर एवढं जेवण घालतायत. तिला अजून नीट कळलेलं नाही. ती काळा झगा आणू का म्हणते.

लोभ कमी झाला असेल तर उरलेला तरी असावा.
कोर्नेल


पोयाना सेआका
३ जुलै २०१५

चि. कोर्नेल यास,
आशीर्वाद. वि. वि.

तिला सांग, काळा झगा नको, निळा चालेल. गावानं त्याचं इतकं ऐकलं आहे की तो आला नाही तर लोकांना चुकल्यासारखं वाटेल.

कोबीच्या पानांतला खिमा तिला चालतो का, कळव. दिवसभर फ्लॉवर बघणारी बाई कोबी खाईल का, या विचारानं मी हैराण आहे. तितू गाडीसाठी स्वतःच्या अंगणात छप्पर घालतो आहे. मला दाखवायला बोलावतो. मी जातो आणि चांगलं आहे म्हणतो.

समुद्र ओलांडून इकडच्या किनाऱ्याला लागलात की बाजू बदलली आहे हे विसरू नका. सावकाश या.

लोभ भेटीत बघू.
सावू


पोयाना सेआका
२४ ऑगस्ट २०१५

चि. कोर्नेल आणि सौ. म्हणायला हरकत नसलेली हेझल यांस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुम्ही निघालात त्याला आज चार दिवस झाले. म्हणजे पोचला असाल, किंवा वाटेत कुठंतरी चिठ्ठीच्या फाटकाशी असाल. तितू माझ्याशी बोलत नाही, पण पत्र नेतो, कारण त्याच्या बायकोनं सांगितलं आहे.

तू निघताना विचारलंस की बाबा, ऐन वेळी असं का केलंत, सगळ्या गावासमोर. तेव्हा मंडप उतरवत होते, बोलता आलं नाही. लिहून सांगतो.

जेवणाच्या आदल्या दिवशी तुम्ही मला आईच्या थडग्यावर दिवा लावायला नेलंत. मी मागे बसलो होतो. तू तुझ्या जागी, ती उजवीकडे. नदीच्या वळणाआधी गवताची गाडी पुढे आली. आपला रस्ता, आपली बाजू, समोरचं सगळं तुला दिसत होतं. तुला कुणाचीच गरज नव्हती. तरी तिनं मान काढली. तिला काय दिसलं असणार ते मला ठाऊक आहे, खड्डा आणि मका. आणि ती लिबेर म्हणाली. तोवर तू थांबला होतास. तुझ्या ते लक्षातही आलं नाही. मी मागे बसून होतो आणि माझ्या आलं.

मग रात्रभर मी तितूच्या छपराचा विचार केला. त्यानं ते मनापासून घातलं होतं.

रविवारी पाद्रीबाबांनी प्रार्थना म्हटली, मी टेबल दिलं, खुर्ची दिली, कोट दिला. तितू दाढी करून, टाय लावून पुढे उभा होता. किल्लीला मी मेणबत्ती आणि टॉवेल बांधला होता, पद्धतीप्रमाणे. माझा हात त्याच्याकडे जायला निघाला होता, हे देव जाणतो. पण तो हेझलकडे गेला. तिला वाटलं मी टॉवेल धरायला देतोय, म्हणून तिनं धरला. मागून आळीतल्या बायकांनी तिच्या कानात सांगितलं की बोगदाप्रोस्ते म्हण, दान घेणाऱ्यानं म्हणायचं असतं. तिनं ते इतक्या वाईट उच्चारात म्हटलं की दोन म्हाताऱ्या रडल्या. आता तिला आपले दोन शब्द येतात. घेतल्याचा शब्द म्हटला की दान लागू झालं, मग तितूलाच काय, मलाही ते फिरवता येत नाही.

तितू दुसऱ्या दिवशी कुंपणावरून एवढंच बोलला, की आता चाक आपलं आणि पाटी त्यांची होणार, तर काका ही गाडी हिशेबात कुठं धरायची? मी म्हटलं, चांगल्या बशीतही वाढू आणि भांडीही घासायला लावू. त्याच्या छपराखाली मी माझा जुना पलंग टाकला आहे, दुपारी तिथं पडतो, गार लागतं. हे मात्र त्याला आवडलेलं दिसतं, परवा त्यानं दुसरीकडं तोंड करून मला उशी दिली.

सही केलेला कागद सोबत आहे. पाटी बदला. गाडी आता तिच्या नावावर करा, म्हणजे दरवर्षी गाडी आणायची की नाही हे ती ठरवेल. तुझ्यावर सोडण्यापेक्षा ते बरं. नवी काठीही पाठवतो आहे. ती कपड्यांसाठीच आहे, तिला चिमटा बसवलेला नाही.

एक गोष्ट राहिली. पाद्रीबाबांना मी विचारलं की दान लागू झालं, म्हणजे तिथं गाडी मला नक्की मिळणार, पण तिथं लोक रस्त्याच्या कुठल्या अंगानं चालवतात? ते म्हणाले, सावू, असा प्रश्न आजवर कुणी विचारला नाही. कोंबडी देऊ केली, तरी त्यांना सांगता येईना. आधी मला त्याची फार काळजी वाटली. आता वाटत नाही. चाक डावीकडेच आहे आणि उजवीकडे तुझी आई बसेल. तिला दिसो न दिसो, ती सांगेल.

मला जायची घाई नाही. पुढे गवताची गाडी आहे असं समजा.

कळावे. दोघांचा लोभ असावा, आणि तो ऑगस्टात अंगणात उभा दिसावा.
तुमचा बाप,
सावू